वसंतसेनेची आई

मंडळी, गेल्या महिन्यात भाचेसुनेनं फोनवर एक प्रश्न विचारला. "मावशी, 'मृच्छकटिक' हे हसवणारं नाटक म्हणतात, पण त्यात तर बाईचा गळा दाबतात आणि निरपराध माणसाला सुळावर द्यायला नेतात. मग हसायचं कुठं?" प्रश्न अगदी रास्त होता. पण फोनवर सगळं सांगत बसले असते तर तिच्या तव्यावरची पोळी करपली असती. म्हणून म्हटलं, सवडीनं लिहूनच काढते.

'मृच्छकटिक' म्हटलं की आमच्या पिढीला देवलांची पदं आठवतात. आमच्या मुलांच्या पिढीला रेखाचा 'उत्सव' आठवतो. नातवंडांना काहीच आठवत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. बी. ए. ला संस्कृत होतं म्हणून मी हे नाटक मुळातून वाचलं. पुढे शाळेत शिकवताना त्यातले उतारे पोरींना सांगत राहिले. पन्नासेक वर्षं झाली, पण दर वेळी त्यात काहीतरी नवं सापडतंच.

आधी थोडी ओळख करून देते. मृत् म्हणजे माती आणि शकटिका म्हणजे छोटी गाडी. मातीची गाडी! राजे-महाराजे, अप्सरा, शाप-उःशाप यांच्या त्या जमान्यात एका नाटककारानं आपल्या नाटकाला लहान पोराच्या खेळण्याचं नाव द्यावं, हीच केवढी गंमत. संस्कृत नाट्यशास्त्राच्या भाषेत हे 'प्रकरण'. 'नाटक' म्हणजे पुराणातली गोष्ट आणि नायक राजा. 'प्रकरणा'ची गोष्ट कवीनं स्वतः रचलेली असते आणि माणसं तुमच्या-आमच्यासारखी असतात. इथला नायक चारुदत्त हा उज्जयिनीचा ब्राह्मण, व्यापारी घराण्यातला, दानधर्मात सगळं घालवून बसलेला. नायिका वसंतसेना ही त्याच शहरातली श्रीमंत गणिका. एकूण अंक दहा.

लेखक शूद्रक. प्रस्तावनेत सूत्रधार सांगतो की हा शूद्रक राजा होता, तो शंभर वर्षं दहा दिवस जगला आणि मग त्यानं अग्निप्रवेश केला. आता स्वतःच्या मरणाची तिथी स्वतःच्याच नाटकात कोण लिहील? तेव्हा तो मजकूर मागाहून कोणीतरी घातला असणार, हे उघड आहे. शूद्रकाच्या काळाबद्दल पंडितांचं आजही एकमत नाही. आणखी एक गंमत आहे. केरळात सापडलेली आणि त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून प्रसिद्ध केलेली जी नाटकं भासाची म्हणून ओळखली जातात, त्यांत 'चारुदत्त' नावाचं चार अंकी नाटक आहे. 'मृच्छकटिका'चे पहिले चार अंक त्याच्याशी इतके जुळतात की दोघांचं नातं नाकारता येत नाही. चौथ्या अंकाशी ते नाटक थांबतं. म्हणजे मातीची गाडी, कोर्ट आणि वधस्तंभ हे सगळं आपल्यापुढे येतं ते शूद्रकाच्या नाटकात. आज मला बोलायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दलच.

गणिका म्हणजे आजच्या अर्थानं जे डोळ्यांपुढे येतं तेवढंच नव्हे. ती चौसष्ट कला शिकलेली, पैसेवाली, शहराची शोभा मानलेली बाई. पण स्वतंत्र होती का? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्ष या सरकारी अधिकाऱ्यावर एक अख्खा अध्याय आहे. त्यात गणिकेला नेमताना हजार पण द्यावेत असं म्हटलं आहे आणि तिला सुटका हवी असेल तर किती भरावेत तेही सांगितलं आहे. किती? चोवीस हजार पण! शूद्रकाच्या उज्जयिनीत हाच दर होता असं मी म्हणत नाही. पण गणिकेच्या घरातून गृहिणीच्या घरात जाणं हा त्या काळी मनाचा मामला तर होताच, शिवाय पैशाचा आणि राजसत्तेचाही होता, एवढं त्यावरून कळतं.

नाट्यशास्त्राचाही एक नियम होता. पुढे दहाव्या शतकात धनंजयानं तो 'दशरूपका'त नोंदला आहे. प्रकरणात कुलस्त्री आणि गणिका अशा दोन्ही नायिका असू शकतात. मात्र कुलस्त्री घराच्या आत, गणिका बाहेर, आणि ही हद्द ओलांडायची नाही. माझ्या मते 'मृच्छकटिक' ही ती हद्द ओलांडण्याची गोष्ट आहे. वसंतसेनेचं स्वप्न एवढंच, आत जायचं.

पहिल्या अंकात संध्याकाळच्या अंधारात राजाचा मेहुणा शकार तिच्या मागे लागतो. पळता पळता ती चारुदत्ताच्या वाड्याच्या दाराशी येते, पदरानं दिवा मालवते आणि आत शिरते. त्या काळोखात चारुदत्ताला वाटतं ही आपली मोलकरीण रदनिका. तो तिच्या अंगावर आपलं उपरणं टाकतो आणि म्हणतो, रोहसेनाला गारठा लागेल, याला पांघरुणात घेऊन आत जा. रोहसेन हा त्याचा मुलगा. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्या तोंडून तिला ऐकू येणारे हे पहिले शब्द! मोलकरीण समजून बोललेले, पण त्यात त्यानं आपलं मूल तिच्या हवाली केलं आहे. ती मनाशी म्हणते, तुमच्या घराच्या आत जाण्याचं माझं भाग्य नाही. तिथे नाटकभर पुरणारं बी पडलं.

त्या रात्री जाताना ती आपले दागिने ठेव म्हणून त्याच्या घरी ठेवते. पुन्हा यायला निमित्त नको का!

आता स्वप्नाकडे येऊ. या नाटकात एक खरंखुरं, झोपेतलं स्वप्न आहे आणि ते पडतं विदूषकाला. तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडतो. जातीनं ब्राह्मण, शास्त्र शिकलेला. भोकाचं माप घ्यायला दोरी विसरला म्हणून जानव्यानं मोजतो! आत चारुदत्ताचा मित्र मैत्रेय दागिन्यांची पेटी उशाशी घेऊन झोपला आहे. त्याला स्वप्नात भिंतीला भोक दिसतं, चोर दिसतो. तो झोपेतच बरळतो, मित्रा, ही पेटी घे बाबा, गाईची न् ब्राह्मणाची शपथ आहे तुला. आणि पेटी चोराच्या हातात देतो! स्वप्न अगदी खरं, फक्त माणूस चुकला. चोरावर चोरी करण्याची वेळच येत नाही, त्याला ती दान मिळते. पोरींना हा प्रसंग सांगितला की वर्ग हसून हसून लोळायचा.

त्यानंतर काय होतं पाहा. ठेव गेली म्हणून चारुदत्ताची अब्रू जाणार. लोक म्हणणार, दरिद्री माणसानं चोरीचा कांगावा केला. तेव्हा त्याची बायको धूता पुढे होते. तिच्याकडे एकच दागिना उरला आहे, माहेरची रत्नमाळ. नवरा हात पसरणार नाही हे तिला ठाऊक आहे. म्हणून व्रताचं निमित्त काढून ती माळ ब्राह्मणाला दान म्हणून मैत्रेयाच्या हातात देते. कशासाठी? नवरा जिच्यात गुंतला आहे त्या बाईची भरपाई व्हावी म्हणून! धूतेबद्दल नाटकात फार बोललं जात नाही, तीही फार बोलत नाही. पण घराची अब्रू राखली ती तिनं.

चौथ्या अंकात कळतं की शर्विलकानं चोरी केली ती प्रेमापायी. वसंतसेनेची दासी मदनिका हिच्यावर त्याचा जीव. तिला पैसे भरून सोडवायचं होतं. तो चोरलेले दागिने घेऊन येतो तो थेट त्यांच्या मालकिणीच्याच घरी! वसंतसेना आडून सगळं ऐकते. ती ना त्याला पकडून देते, ना रागावते. मदनिकेला मुक्त करते, गाडीत बसवून त्याच्याबरोबर पाठवते आणि तिला म्हणते, आता तूच वंदनीय झालीस. स्वतःला जे हवं होतं ते तिनं आपल्या दासीला देऊन टाकलं. मालकीण दारातच उभी, आणि दासी वधू होऊन निघाली. मला हा प्रसंग नाटकातल्या सगळ्या प्रेमप्रसंगांपेक्षा मोठा वाटतो.

आता जिच्यासाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

मैत्रेय रत्नमाळ घेऊन वसंतसेनेच्या घरी जातो. त्या घराला एकामागे एक आठ चौक आहेत. हत्तीशाळा, स्वयंपाकघर, सोनारांचं काम, गाणंबजावणं, पाखरं... मैत्रेय डोळे विस्फारून पाहत जातो. शेवटच्या चौकात वसंतसेनेची आई दिसते. चांगली लठ्ठ, तेलकट पायांत जोडे घालून उंच आसनावर बसलेली. मैत्रेयाला चेव येतो. विचारतो, या बाईला आत आणून मग भोवती दार बांधलं की काय? दासी सांगते, बाईंना चौथरा ताप येतो. हा म्हणतो, असला ताप मलाही यावा! आणि शेवटी म्हणतो, ही मेली तर हजार कोल्ह्यांची मेजवानी होईल. परत आल्यावर तो चारुदत्ताला बजावतो की गणिका म्हणजे पायताणात गेलेला खडा, शिरला की निघता निघत नाही.

प्रेक्षक हसतात. शूद्रकानं ते हसण्यासाठीच लिहिलं आहे. लोभी कुंटीण, पोरीच्या जिवावर खाणारी म्हातारी हे तर प्रहसनांमधलं ठरलेलं पात्र. आपल्या तमाशातल्या मावशीला नाही का लोक हसत! त्या हसण्यात सगळे सामील असतात आणि कोणाला काही वावगं वाटत नाही. तेव्हा ही बाई इथेच ठेवून आपण पुढे जाऊ.

पाचव्या अंकात तुफान पाऊस. वसंतसेना भिजत चारुदत्ताकडे येते आणि रात्री तिथेच राहते. सहाव्या अंकात सकाळी जाग आल्यावर ती विचारते, मी आतल्या चौकात आले का? दासी म्हणते, सगळ्यांच्या मनातच शिरलात की! ती रत्नमाळ धूतेकडे परत पाठवते, आणि निरोप धाडते तो बहीण म्हणून. धूता माळ परत करते. तिचंही बरोबर, नवऱ्यानं दिलेली वस्तू ती परत कशी घेईल? तिचं म्हणणं, माझा नवरा हाच माझा दागिना. या उत्तरात मान आहे आणि थोडं अंतरही आहे.

तेवढ्यात रोहसेन रडत येतो. शेजारच्या पोराकडे सोन्याची गाडी होती, रदनिकेनं याला मातीची करून दिली, ती त्याला नको. रदनिका त्याला वसंतसेनेकडे बोट करून सांगते, ही तुझी आई आहे. पोर म्हणतं, खोटं बोलतेस. माझी आई असती तर अंगावर दागिने कसे असते? दारिद्र्यावर यापेक्षा बोचरं वाक्य मी वाचलेलं नाही, आणि ते बोलतं कोण, तर चार-पाच वर्षांचं लेकरू. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवते, मातीच्या गाडीत भरते आणि म्हणते, घे, झाले मी तुझी आई. जा, सोन्याची गाडी करून घे.

नाटकाला नाव मिळालं ते या क्षणावरून. आणि चारुदत्ताच्या गळ्याचा फासही इथेच तयार होतो.

पुढचं थोडक्यात सांगते. गाड्यांची अदलाबदल होते. चारुदत्ताच्या गाडीत बसतो आर्यक. हा तुरुंग फोडून पळालेला गवळ्याचा पोर, पुढे हाच राजा होणार. आणि वसंतसेना चुकून बसते ती शकाराच्या गाडीत. बागेत शकार तिला धमकावतो, ती ऐकत नाही, तो तिचा गळा दाबतो आणि मेली समजून वर पालापाचोळा घालून निघून जातो. या शकाराला आपण पहिल्या अंकापासून हसत आलो आहोत! रामाला भ्यालेली द्रौपदी, हनुमानानं पळवलेली सुभद्रा असली त्याची पुराणं. 'श'चा तोतरा उच्चार, बहीण राजाची रखेल म्हणून फुशारकी. हसता हसता आपण विसरून जातो की या माणसाच्या मागे सत्ता आहे. मग हाच कोर्टात जाऊन फिर्याद करतो की चारुदत्तानं दागिन्यांसाठी वसंतसेनेचा खून केला.

नववा अंक म्हणजे आपल्याकडच्या जुन्या वाङ्मयातलं कोर्टाचं सगळ्यात तपशीलवार चित्र असेल. न्यायाधीश, शेठ, लिहिणारा कायस्थ, सगळे हजर. पहिली साक्ष होते वसंतसेनेच्या आईची. मुलगी कुठे गेली होती? म्हातारी नाव सांगायला कचरते, पण कायद्यानं विचारलंय म्हटल्यावर सांगते, चारुदत्ताकडे. झालं! तिच्या खऱ्या बोलण्यानंच चारुदत्त अडकतो. मग तिला कळतं की तुझी पोर मारली गेली आणि मारणारा हाच.

इथे प्रहसनातली कुंटीण काय करेल? छाती पिटेल, शिव्याशाप देईल, दागिने परत मागेल. ही बाई म्हणते, ज्यानं चोरीला गेलेल्या ठेवीच्या बदल्यात चार समुद्रांच्या मोलाची रत्नमाळ पाठवली, तो चिल्लर पैशासाठी असं करेल? मग ती रडते.

इतक्यात मैत्रेय येतो. पोराच्या गाडीतले दागिने चारुदत्तानं त्याला परत द्यायला धाडलेले असतात. शकाराशी झोंबाझोंबी होते आणि ते दागिने सगळ्यांदेखत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात. झोपेत चोराला पेटी देणारा हाच, आणि जागेपणी मित्राविरुद्धचा पुरावा कोर्टात आणून टाकणाराही हाच. तोही बिचारा मित्राच्या प्रेमापोटी! आता दागिने म्हातारीला दाखवतात. ओळखतेस? ती निरखून पाहते आणि म्हणते, तसेच दिसतात खरे, पण ते नव्हेत. कारागिराच्या हाताची करामत आहे. शकार ओरडतो, म्हातारीचे डोळे कबूल झाले, तोंड तेवढं मुकं आहे.

मंडळी, आईनं लेकीचे दागिने ओळखले नसतील? आणि चारुदत्त, सत्यवचनी माणूस, लगेच सांगून टाकतो की हो, ते वसंतसेनेचेच. गणिकेची आई खोटं बोलून त्याला वाचवू पाहते आणि तो खरं बोलून मरणाकडे जातो. शेवटी ती न्यायाधीशाला म्हणते, माझी पोर मेली असेल तर मेली, हा जगू दे. आणि वर कायद्याचा मुद्दा काढते. फिर्याद कोणाची? माझी मुलगी गेली, तर फिर्यादी मी. मी म्हणते याला सोडा.

तिला बाहेर काढतात. तिचं कोणी ऐकत नाही.

शिकवताना मी पोरींना नेहमी म्हणायची, या नाटकात आपण ज्याला ज्याला हसलो त्यांची एक यादी करा आणि पुढे त्यांनी काय केलं ते समोर लिहा. जुगारात हरून पळालेला संवाहक हास्यास्पद. वसंतसेनेनं त्याचं दहा सुवर्णांचं कर्ज फेडलं, तो भिक्षू झाला आणि बागेत तिला शुद्धीवर आणलं ते त्यानंच. जानव्यानं भिंत मोजणारा चोर हास्यास्पद. राज्यक्रांती करणाऱ्या आर्यकाचा तो उजवा हात ठरला. आज सूळ देण्याची पाळी कोणाची यावर वाद घालणारे चांडाळ हास्यास्पद. त्यांच्या त्या घोळातच वसंतसेना येऊन पोचायला वेळ मिळाला. आणि शकार, सगळ्यात जास्त हसलो तो ज्याला, तो खुनी निघाला. भाचेसुनेच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. इथे हसायचं भरपूर आहे, पण हसण्याचा हिशोब नाटककार मागाहून मागतो. आपण कोणाला हलकं समजलो होतो ते तो लक्षात ठेवतो.

आता आपल्याकडची हकिकत. एकोणिसाव्या शतकात परशुरामपंत गोडबोल्यांनी हे नाटक मराठीत आणलं. मग अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी ते संगीत करून रंगभूमीवर आणलं. देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमाकाठचे. तिकडे इंग्रजीत विल्सननं १८२० च्या दशकात त्याचं भाषांतर केलं होतं आणि १८५० साली पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात त्याचं फ्रेंच रूप झालं होतं. म्हणजे वसंतसेना पॅरिसला पोचली ती देवलांच्या सांगलीकर-पुणेकर प्रेक्षकांच्या आधी! मराठीत बालगंधर्वांची वसंतसेना लोकांनी डोक्यावर घेतली. गणिकेचं दुःख पुरुषानं गावं आणि घरंदाज बायकांनी पदर डोळ्यांना लावावा, असा तो काळ होता. खऱ्या कलावंतिणीच्या घरातल्या मुलीला मात्र त्याच प्रतिष्ठित मंडळीत ती भूमिका मिळणं अवघड. हद्द होतीच, आत आणि बाहेर.

ती हद्द कायद्यानं पुसायला वेळ लागला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. देवाला वाहिलेल्या बाईनं लग्न केलं तर ते कायदेशीर मानावं, हे त्यात लिहावं लागलं. वाचताना मला दहावा अंक आठवतो. तिथे चारुदत्त वधस्तंभावरून सुटतो, जुना राजा पालक मारला जातो, आर्यक गादीवर बसतो आणि तो वसंतसेनेला 'वधू' म्हणवून घ्यायचा अधिकार देतो. निरोप आणतो शर्विलक, म्हणजे तिच्याच जुन्या दासीचा नवरा. तो तिच्या डोक्यावर पदर घालतो. धूता आणि वसंतसेना एकमेकींना बहीण म्हणून कवटाळतात. नियमानं ज्या दोघींची भेटच व्हायची नव्हती त्या दोघी! पण त्यासाठी काय काय लागलं? प्रेम होतं, गुण होते, पैसा होता, पोरानं आई म्हणणं होतं. तरी एका बाईला सून म्हणवून घ्यायला राजा बदलावा लागला.

गिरीश कर्नाडांनी १९८४ च्या 'उत्सव'मध्ये हा शेवट घेतला नाही. त्यांची वसंतसेना वधू होत नाही. त्यांना तो शेवट फार गोड वाटला असावा.

त्याच 'उत्सव'मुळे आमच्या शाळेत एक प्रकार घडला. सिनेमाची पोस्टरं गावात लागून गेली होती. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी मी मातीच्या गाडीचा आणि कोर्टाचा प्रवेश सोप्या मराठीत बसवायला घेतला. वरून विचारणा झाली, असलं नाटक मुलींच्या शाळेत? मी मुळातलं पुस्तक नेऊन दाखवलं, वाद घातला. अखेर परवानगी मिळाली ती अशी की वसंतसेना ही मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी दाखवायची, 'गणिका' शब्द काढायचा आणि म्हातारीची साक्ष गाळायची, कारण तिच्या बोलण्यातून घर कुठलं ते कळतं. प्रयोग झाला, टाळ्या पडल्या. पण व्यापाऱ्याच्या मुलीनं दागिने काढून दिले तर त्यात एवढं काय, असंच सगळ्यांना वाटलं असणार. मला तरी वाटलं.

प्रयोग संपल्यावर एका मुलीची आजी मला भेटायला आली. नऊवारीतली, कपाळ मोकळं, बोलणं अगदी हळू. त्यांच्या घराबद्दल गावात काय बोललं जायचं ते मला ठाऊक होतं. म्हणाल्या, "बाई, छान झालं. पण त्या पोरीला मारली म्हणून एवढा गलबला झाला, तिची आई नव्हती का कोणी? ती कशी आली नाही कचेरीत?"

मी त्यांना सांगितलं की मूळ नाटकात ती येते. काय म्हणते तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "येणारच की. आई आहे." आणि नातीचा हात धरून गेल्या.

त्यानंतर मी दहावा अंक पुन्हा वेगळ्या नजरेनं वाचला. शेवटी नव्या राजाच्या वतीनं चारुदत्ताला विचारतात, आणखी कोणाचं काय करायचं? तो एकेकाचं नाव घेतो. भिक्षूला सगळ्या विहारांचा प्रमुख करा. शकाराचा गुलाम स्थावरक खरं बोलला, त्याला मुक्त करा. चांडाळांना चांडाळांचे मुख्य करा. आर्यकाला जाऊ देणाऱ्या चंदनकाला कोतवाल करा. शकारालासुद्धा माफी मिळते, होता तसाच राहू दे म्हणून. सगळ्यांची आठवण होते, कोणी रिकाम्या हाती जात नाही.

वसंतसेनेच्या आईचं नाव त्या यादीत नाही. लेक जिवंत आहे, हे तिला जाऊन कोणी सांगितलं की नाही तेही नाटकात येत नाही. लेक आतल्या चौकात गेली. आई आठव्या चौकातच बसून असेल, त्या उंच आसनावर.

भाचेसुनेला मी मुळातलं नाटक वाच म्हणून सांगणार आहे. तुम्हीही वाचा. आणि तुमच्यापैकी कोणी घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर जुन्या नाटक मंडळीत देवलांचं 'मृच्छकटिक' पाहिलं असेल, तर त्यात म्हातारीची साक्ष होती का, ती कोण करायचं आणि लोक तिला हसायचे की गप्प व्हायचे, ते मला जरूर कळवा.